कमरुद्दीनची डिपेंडंट

“पुन्हा वाच! नीट वाच, खैरुद्दीन… कोण कुणाच्या जिवावर जगतं म्हणालास?”

मैमुनाबीचे दोन्ही हात मनगटापर्यंत तांदळाच्या उकडीत होते, चुलीवरचा तवा तापून धूर सोडू लागला होता, दारात एकोणीस डबे झाकणं उघडी टाकून ताटकळत बसले होते आणि डबे न्यायला आलेला हमाल ‘यल्ला, यल्ला’ अशी घाई करत बाहेर गल्लीत येरझाऱ्या घालत होता. पण त्या क्षणी तिला ना तवा दिसत होता ना डबे. तिला दिसत होता फक्त दिराच्या हातातला तो निळसर कागद. इंग्लंडहून आलेला! उद्या जो भाऊ तीन वर्षांनी घरी यायचा होता, ज्याच्यासाठी तिनं चार दिवसांपासून घर धुऊन काढलं होतं, त्याच भावाचं नाव त्या कागदावर होतं… आणि त्या नावाखाली तिचं!

खैरुद्दीन हा तिच्या मरहूम नवऱ्याचा धाकटा भाऊ. खाडीवरच्या एका शिपिंग एजंटाच्या ऑफिसात कारकून. बर दुबईतल्या अर्ध्या कोकणी लोकांची पत्रं त्याच्या ऑफिसच्या पेटीत यायची आणि इंग्रजी असली तर तो ती वाटेतच फोडून वाचायचा, कारण शेवटी वाचायची त्यालाच असायची. आज मात्र वाचलं ते सांगताना त्याची जीभ जरा अडखळत होती.

“इंग्लंडच्या इन्कमटॅक्स ऑफिसचं लेटर आहे, भाभी. लिहिलंय, मिस्टर कमरुद्दीननी आपल्या टॅक्सच्या फॉर्ममध्ये तुम्हाला डिपेंडंट म्हणून क्लेम केलंय. गेल्या साली नव्वद पौंड. म्हणजे आपले बाराशे रुपये. तर हे पैसे तुम्हाला त्याच्याकडून मिळाले का, आणि तुमचा गुजारा त्याच्यावर चालतो का, ते ‘येस’ नाहीतर ‘नो’ लिहून सही करून पाठवा. ‘येस’ असेल तर त्याचा टॅक्स कमी होईल.”

“डिपेंडंट म्हणजे काय रे?”

खैरुद्दीन कान खाजवू लागला. त्याला अर्थ ठाऊक होता, पण भावजयीच्या तोंडावर सांगायची छाती होत नव्हती. शाळेला सुट्टी म्हणून बापाबरोबर आलेल्या त्याच्या हलिमाला मात्र असली काही अडचण नव्हती.

“इट मीन्स समवन हू इज फेड बाय अनदर पर्सन, बडी अम्मा,” ती पोर चटकन म्हणाली. “टीचरनी सांगितलंय. लाइक अ बेबी!”

‘फेड’ म्हणजे काय, हे मैमुनाबीला विचारावं लागलं नाही. एकोणीस माणसांना रोज जेवू घालणाऱ्या बाईला तेवढं इंग्रजी येत होतं.

“खलास,” ती म्हणाली. “कागद ठेव त्या फळीवर. डब्यांना उशीर होतोय.”

आणि तिनं भाकरी थापायला घेतली. हात थांबले नाहीत, डोळ्यांतून टिपूस आलं नाही. पण त्या दिवशी एकोणीस डब्यांपैकी सात डब्यांत मीठ घालायचं राहून गेलं. आठ वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं.

नव्वद पौंड! तो आकडा खोटा नव्हता. अगदी खरा होता. फक्त उलटा होता! नव्वद पौंड एका हातातून दुसऱ्या हातात गेले होते खरे, पण देणारा हात होता मैमुनाबीचा आणि घेणारा कमरुद्दीनचा.

कोकणात, दाभोळला ते दोघे लहानाचे मोठे झाले तेव्हाची गोष्ट कशाला उगाळायची? पटकीच्या एकाच साथीत आई-बाप गेले, तेव्हा कमरुद्दीन पाच वर्षांचा होता आणि मैमुनाबीचं लग्न होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. नव्या नवरीनं सासरी काय न्यावं? तिनं भाऊ नेला! नवरा देवमाणूस होता, त्यानं चकार शब्द काढला नाही. पुढे लाँचवर नोकरी लागली तसा तो दोघांनाही दुबईला घेऊन आला, आणि एका वादळात ती लाँच परत आली नाही तेव्हा मैमुनाबी पस्तिशीतही नव्हती. इद्दतीचे, विधवेनं घरात बसायचे चार महिने संपले त्या दिवशी खैरुद्दीन दारात येऊन उभा राहिला होता. “भाभी, आमच्याकडे चला. घर आहे, आम्ही आहोत. भावाच्या बायकोला दोन घास घालायला आम्ही काही जड नाही.” तेव्हा तिनं आपले दोन्ही तळवे त्याच्यापुढे धरले होते. “हे अजून धडधाकट आहेत, खैरुद्दीन. हे थकले की सांगेन.” त्यानंतर तिनं कुणाच्या घरी फुकटचा घास खाल्ला नाही, ईदेला दिराकडे गेली तरी आधी आपला डबा पाठवायची, मग स्वतः जायची. लोक म्हणायचे, मैमुनाबीला अभिमान फार. होताच मुळी! आणि का नसावा?

कमरुद्दीनला विलायतेला जायचं होतं, तर तिनं पाटल्या विकल्या. तिकडे लँकेशायरमध्ये कापडाच्या गिरणीत तो लागला, संध्याकाळी मशीनचं शिक्षण घेऊ लागला, आणि गेल्या हिवाळ्यात गिरणी चार महिने बंद पडली. त्याचं पत्र आलं. पैसे मागितले नव्हते त्यात. फक्त लिहिलं होतं, ‘आपा, इथे थंडी फार आहे, शिक्षण बहुतेक सोडावं लागेल.’ त्या वेळी मैमुनाबीच्या पेटीत बरोबर बाराशे रुपये होते. खाडी ओलांडणारी होडी, अब्रा, लागते त्या धक्क्याजवळ एक गाळा रिकामा झाला होता, त्याच्या पागडीचे. स्वतःचं हॉटेल! चार बाकडी, दोन चुली, दारावर पाटी… सात वर्षं पै पै साठवून तिनं ते स्वप्न पेटीत घालून ठेवलं होतं. पत्र वाचून घेतलं, बुरखा चढवला, आणि गाळ्याच्या मालकाकडे जायचं ते ती बँकेत गेली. नव्वद पौंडाचा ड्राफ्ट निघाला. गाळा एका चहावाल्यानं घेतला. त्याचा धंदा जोरात आहे. तिथून जाताना मैमुनाबी कधी मान वळवून बघत नसे.

आणि त्या पैशांचा हा हिशेब! तिनं दिले म्हणून नाही… देणं तर तिच्या रक्तातच होतं. पण घेणाऱ्यानं ‘मीच दिले’ म्हणून सरकारदरबारी लिहावं? चार शिलिंगांचा टॅक्स वाचवायला सख्ख्या बहिणीला, आईच्या जागी असलेल्या बहिणीला, मिंधी करून टाकावं? हीच का ती माया, हाच का तो भाऊ, ज्याला तिनं तापात मांडीवर घेऊन रात्री काढल्या?

बातमी दबून राहील तर ती ताजबी कसली! ताजबी खैरुद्दीनची बायको. मनानं वाईट नाही, पण तिच्या पोटात गोष्ट राहत नाही. दुपारची नमाज व्हायच्या आत कोकणी बायकांत चर्चा झाली होती, आणि असरच्या नमाजेच्या सुमारास शेजारची मरियमबी दारात येऊन गोड आवाजात विचारून गेली, “अगं मैमुनाबी, विलायतेचे पैसे येतात म्हणे तुला! मग डब्यांची हमाली कशाला करतेस? आम्हाला वाटायचं, बिचारी हाताच्या कष्टावर जगते…”

मैमुनाबी हसली. काय करणार? खरं सांगावं तर भाऊ खोटारडा ठरत होता. न सांगावं तर आठ वर्षांची तिची इभ्रत मातीमोल होत होती. ती हसली आणि मरियमबीला सुपारी दिली.

सूर्य खाडीपलीकडे उतरायला लागला तेव्हा खैरुद्दीन पुन्हा आला. या खेपेला एकटा. कानामागे त्याची नेहमीची पेन्सिल. कोणताही फॉर्म हा गृहस्थ आधी पेन्सिलीनं भरायचा आणि मग दोन दिवसांनी शाईनं.

“भाभी, मी विचार केला,” तो पायरीवर बसत म्हणाला. “तुम्ही ‘नो’ लिहिलंत तर पोरगा अडकेल. खोटा क्लेम केला म्हणून दंड करतील. नोकरीवर गदा येईल, कदाचित परत पाठवतील, काय सांगावं? परका मुलूख आहे. आणि ‘येस’ लिहिलंत तर काय होणार? एक कागद लंडनच्या कपाटात पडून राहील. इथे कोण वाचतंय?”

“वरचा वाचतो,” मैमुनाबी म्हणाली.

खैरुद्दीननं कानामागची पेन्सिल काढून पुन्हा तिथेच खोचली.

आयुष्यात तिनं भूक सोसली होती, वैधव्य सोसलं होतं, पण खोटं कधी सोसलं नव्हतं. आणि आता ते स्वतःच्या हातानं लिहायचं? मी भावाच्या तुकड्यावर जगते, असं? तिच्या अंतःकरणात जणू दोन मैमुनाबी भांडत होत्या. एक म्हणत होती, लिही ‘नाही’! एकदा कळू दे त्याला, कृतघ्नपणाला किंमत असते! आणि दुसरी… दुसरीला दिसत होता थंडीत कुडकुडणारा पाच वर्षांचा पोर, जो तिच्या पदराचं टोक मुठीत धरल्याशिवाय झोपत नसे.

दुसरी जिंकली. ती नेहमीच जिंकायची.

“काढ पेन्सिल,” ती ताठ बसत म्हणाली. “लिही ‘येस’. सगळ्या रकान्यांत ‘येस’. पण सही मी आज नाही करणार. तो आल्यावर, त्याच्या डोळ्यांदेखत करीन. माझ्या भावाला माझी इभ्रत हवी असेल तर देईन मी. पण त्यानं समोर बसून घ्यावी! पोस्टानं नाही!”

खैरुद्दीननं लिहिलं. लिहिताना त्याला वाटलं, या बाईला आपण आठ वर्षं ‘बिचारी’ समजत आलो, हे काही बरोबर झालं नाही.

दुसऱ्या दिवशी कमरुद्दीन आला. बहारीनहून लहान विमानानं, हातात एक सुटकेस, खांद्यावर दुबईत कुणालाही लागणार नाही असा जाडजूड ओव्हरकोट. विमानतळावर खैरुद्दीन एकटाच होता. “आपा कुठंय?” हा पहिला प्रश्न, आणि “घरी, डब्यांचं काम आहे,” या उत्तरावर तो नुसता हसला. आपा आणि डबे! बदलली नाही म्हणायची. सगळ्या वाटेत तो विलायतेच्या गमती सांगत होता आणि खैरुद्दीन ‘हो का’, ‘अच्छा’ एवढंच म्हणत होता.

दारात पाऊल टाकताच तो ओरडला, “आपाऽऽ!”

मैमुनाबी उठून उभी राहिली. केवढा दिसत होता! खांदे भरले होते, कानशिलांजवळ एक-दोन केस पांढरे झाले होते… सत्ताविसाव्या वर्षी पांढरे! तिचे हात आपोआप पुढे झाले आणि तिनं ते तसेच मागे घेतले.

“या,” ती म्हणाली. “बसा. प्रवास ठीक झाला ना तुमचा?”

कमरुद्दीन होता तिथेच थबकला.

तुमचा! बावीस वर्षांत तिनं त्याला ‘तू’ सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं. रागावली की ‘मेल्या’, लाडात आली की ‘राजा’, पण ‘तुम्ही’? ‘तुम्ही’ म्हणतात डबे नेणाऱ्या गिऱ्हाइकांना, कस्टमच्या साहेबांना, परक्या पुरुषांना. एवढ्या एका शब्दानं तिनं त्याला घराबाहेर उभं केलं होतं, आणि ते त्याला कळलं.

“आपा… काय झालं? माझं काही चुकलं?”

“तुमचं कसं चुकेल? तुम्ही विलायत पाहिलेले. हातपाय धुऊन घ्या, पाणी काढून ठेवलंय.”

खैरुद्दीन, ताजबी, हलिमा सगळे जेवायला बोलावलेले होतेच. सुरमईचं सालन, सांदण, कोंबडी, काही कमी नव्हतं. पण जेवणाचं दस्तरखान अंथरूनही कुणी वाढत नव्हतं. शेवटी मैमुनाबीनं फळीवरचा तो निळसर कागद आणला, कमरुद्दीनच्या समोर ठेवला, आणि त्यावर दौत-टाक.

“आधी हे काम उरकू,” ती म्हणाली. तिचा आवाज स्थिर होता. “तुमच्या सरकारनं विचारलंय, मी तुमच्या जिवावर जगते का. खैरुद्दीननं लिहिलंय, हो. विचारलंय, गेल्या साली तुम्ही मला नव्वद पौंड दिलेत का. तेही लिहिलंय, हो! आता माझी सही तेवढी राहिलीय. ताजबी, तूही बघ, म्हणजे सांगताना चूक व्हायला नको. बघा सगळे! मैमुनाबीनं हयातभर कुणाचा घास खाल्ला नाही, ती आज लिहून देतेय की ती भावाचं खाते!”

तिनं टाक दौतीत बुडवला.

“थांब!” कमरुद्दीननं तिचं मनगट धरलं. “काय बोलतेस तू? मी कधी दिले तुला नव्वद पौंड? तू दिलेस मला! फॉर्मवर तेच तर लिहिलंय मी!”

बाहेर अब्रावाल्यांची हाकाटी चालू होती, तेवढीच ऐकू येत होती.

“तू… काय लिहिलंस?” खैरुद्दीननं विचारलं.

“हेच! डिपेंडंटचा कॉलम होता. नाव, नातं, पत्ता, आणि किती काँट्रिब्यूशन. मी लिहिलं, मैमुनाबी, मोठी बहीण, बर दुबई, नव्वद पौंड. मग? मी डिपेंड कुणावर आहे? आपावर! म्हणजे माझी डिपेंडंट आपाच ना?”

खैरुद्दीनचं तोंड उघडं राहिलं ते राहिलंच.

“असं काय बघता, खैरुभाई? आपण नाही का म्हणत, लाँच सुटणं वाऱ्यावर डिपेंड आहे? पगार साहेबावर डिपेंड आहे? ज्याच्यावर डिपेंड, तो डिपेंडंट! आणि काँट्रिब्यूशन म्हणजे काढलेली वर्गणी. आपानं काढली ती. गिरणी बंद असताना माझ्याकडे पैसे कुठून आले, असं उद्या सरकारनं विचारलं तर चोरी केली असं वाटायला नको, म्हणून मी आधीच खरं लिहून टाकलं.”

“अंकल,” हलिमा हळूच म्हणाली, “इट्स द अदर वे राउंड.”

“म्हणजे?”

“म्हणजे उलटं, गाढवा!” खैरुद्दीन ओरडला आणि मग त्याला हसू आवरेना, आणि हसता हसता डोळे पुसावे लागले. “डिपेंडंट म्हणजे तू ज्याला पोसतोस तो! जो तुला पोसतो तो नाही! तू इंग्लंडच्या सरकारला लिहून दिलंस की तू आपाला जेवू घालतोस!”

कमरुद्दीनचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढराफटक पडला. त्यानं कागद उचलला, ओठ हलवत एक-एक ओळ वाचली, पेन्सिलीतला तो ‘येस’ पाहिला, दुसरा ‘येस’ पाहिला.

“आणि तू… हे खरं मानलंस, आपा? मी असं करीन, असं तुला वाटलं? आणि वाटलं तरी सही करायला निघालीस?”

मैमुनाबीनं टाक दौतीत परत ठेवला.

“त्या ऑफिसातल्या माणसानं मला बोलावलं होतं,” कमरुद्दीन म्हणाला. त्याचा आवाज फुटत चालला होता. “त्यानं विचारलं, या पैशांना पुरावा काय? मी म्हटलं, साहेब, पुरावा कशाला? माझ्या बहिणीला पत्र लिहून विचारा. ती आजवर कधी खोटं बोललेली नाही. मेली तरी बोलणार नाही. म्हणून… म्हणून हे पत्र आलंय तुला. मीच पाठवायला लावलं! आणि तू माझ्यासाठी खोटं…”

आता मात्र मैमुनाबीचा बांध फुटला. काल सकाळपासून एक टिपूस न काढणारी ती बाई खाली बसली आणि लहान मुलासारखी हुंदके देऊन रडू लागली.

“मी तुला ‘तुम्ही’ म्हटलं रे!… तीन वर्षांनी आलास आणि दारात तुला ‘तुम्ही’ म्हटलं! कागदावर विश्वास ठेवला, तुझ्यावर नाही ठेवला! माफ कर मला, राजा…”

“आपा, अगं आपा!” तो तिच्या पायांशी बसला आणि त्यानं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. ताजबीनं पदराआड तोंड लपवलं. उद्या ती ही गोष्ट सगळ्या बर दुबईला सांगणार होती, आणि या खेपेला तिनं ती सांगावी अशीच होती.

रडून झालं, नाकं पुसून झाली. मग कमरुद्दीननं ओव्हरकोटाच्या आतल्या खिशातून एक पाकीट काढलं आणि बहिणीच्या हातात ठेवलं.

“हे बघ. ओव्हरटाइम करून साठवलेत. तुझ्या गाळ्याची पागडी. ताजभाभीनं पत्रात कळवलं होतं मला, तू गाळा सोडलास म्हणून.”

मैमुनाबीनं पाकीट जणू चटका बसला तसं परत त्याच्या पुढ्यात टाकलं. “नाही! मी दिले ते परत घ्यायला दिले नव्हते. तुझं लग्न व्हायचंय. मला कुणाचं काही नको.”

“कुणाचं?” कमरुद्दीन ताडकन उठला. काही वेळापूर्वीचा रडवेला भाऊ कुठल्या कुठे गेला होता. “मी ‘कुणाचं’मध्ये बसतो? आत्ता ‘राजा’ म्हणालीस, तो तोंडदेखलेपणा होता? बावीस वर्षं घेतोय मी तुझ्याकडून. पाटल्या घेतल्या, गाळा घेतला. मला एकदा तरी द्यायला मिळणार आहे की नाही? तू दिलंस, दिलंस, आणि बाकी सगळ्यांची दारं बंद करून टाकलीस! डबा आधी पाठवतेस आणि मग ईदेला येतेस! खैरुभाई, तुम्ही सांगा, बरं वाटायचं तुम्हाला?”

खैरुद्दीननं मान खाली घातली. मग हळूच म्हणाला, “नाही वाटायचं. भाईजान गेले तेव्हा मी दारात उभा होतो, भाभी. मी उपकार करायला नव्हतो आलो. मला भावाचं काहीतरी हातात राहावं, असं वाटत होतं. तुम्ही तळवे दाखवलेत आणि मी परत गेलो.”

मैमुनाबी त्याच्याकडे पाहतच राहिली. आठ वर्षं तिला वाटत आलं होतं की तिनं त्या दिवशी आपला स्वाभिमान राखला. दारातल्या माणसाचाही भाऊ गेला होता, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं! तिच्या मनाला ही गोष्ट फार लागली; पण ती रडली नाही. आता रडून भागण्यासारखं नव्हतं.

“सालन थंड झालं,” ती उठत म्हणाली. “भाकऱ्या टाकते गरम.”

“बस तू.” कमरुद्दीननं तिला खांदे धरून खाली बसवलं.

“अरे पण…”

“बस म्हणतो ना! सहा जण एका खोलीत राहतो आम्ही. सगळ्यांच्या भाकऱ्या मी टाकतो.”

त्यानं बाह्या वर सारल्या. चुलीपुढे उकिडवा बसला, उकड मळली, परातीत पीठ भुरभुरून थापायला लागला. मैमुनाबी बघत होती आणि तिचे हात शिवशिवत होते. पाणी जास्त झालंय… कड जाड राहिलीय… अरे, तवा अजून तापायचाय! दोनदा ती उठायला गेली आणि दोनदा ताजबीनं तिचा पदर धरून तिला खाली खेचलं. भाकरी तव्यावर पडली तेव्हाच एका बाजूला फाटली. फुगायचं नाव नाही. शेवटी ती थाळीत आली. एका कडेनं करपलेली, दुसऱ्या कडेनं कच्ची. वर सालनातला एक तुकडा.

“खा.”

“आधी तुम्ही सगळे घ्या, मग मी…”

“आधी तू!”

इतक्या वर्षांत घरात सगळ्यांच्या आधी ती कधी जेवली नव्हती. तिनं बिस्मिल्ला म्हणून घास मोडला. खाल्ला. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते, जणू काझी निकाल देणार होता. तिनं दुसरा घास घेतला, मग तिसरा. भाकरी संपेपर्यंत तिचे डोळे वाहत होते आणि ते पुसायचंही तिला भान नव्हतं. मग तिनं पुढ्यातलं पाकीट उचललं, कपाळाला लावलं आणि कमरेला खोचलं.

“गाळा तर गेला,” ती म्हणाली. “चहावाल्याच्या शेजारी काही मिळतंय का बघू. इन्शाल्ला, मिळेल.”

“बघू नाही, उद्याच जाऊ,” खैरुद्दीन म्हणाला. “मालक माझ्या ओळखीचा आहे. भाभी, या खेपेला मला येऊ द्याल ना?”

“ये बाबा. तूच बोल त्याच्याशी. मला कुठे येते अरबी एवढी?”

येत होती. खैरुद्दीनपेक्षा चांगली येत होती. पण हे खोटं तिनं आनंदानं बोलून टाकलं.

खैरुद्दीननं कानामागची पेन्सिल काढली, हलिमाच्या दप्तरातलं खोडरबर मागून घेतलं आणि कागदावरचे दोन्ही ‘येस’ खोडून काढले. “आता शाईनं लिहितो. पैसे मिळाले? नो. फॉर्म भरणाऱ्याची समजुतीत चूक झाली, तो स्वतः येऊन दुरुस्त करील. बरोबर ना, कमरुद्दीन?”

“बरोबर. परत गेलो की पहिल्यांदा तिथेच जातो.”

“आता दुसरा प्रश्न. तुमच्या गुजाऱ्यासाठी या माणसाकडून काही मिळतं का? इथेही नो?”

“नो कसं?” मैमुनाबी एकदम म्हणाली. “मघाशी तू काय बघत होतास? खोटं लिहू नकोस माझ्या नावावर. लिही, ‘येस’.”

“काय मिळालं म्हणून लिहू?”

“एक भाकरी.”

खैरुद्दीनचा टाक हवेतच थांबला. “भाभी, हे सरकारी काम आहे…”

“म्हणून तर खरं लिही. एक भाकरी मिळाली. कडेला कच्ची होती, तेही लिही.” आणि उभ्या जन्मात कुणापुढे हात न पसरलेल्या मैमुनाबीनं आपली रिकामी थाळी चुलीपाशी बसलेल्या भावापुढे सरकवली. “आणि लिही, तिनं अजून एक मागितली.”